आधी काय काढायचं ते ठरवा: शिल्पकलेच्या दुसऱ्या टप्प्याच्या अभ्यासक्रमाची तयारी

अभ्यासक्रम नवा करायला बसलो की हात आधी नव्या गोष्टींकडे जातो: थ्रीडी प्रिंटर आणूया, इन्स्टॉलेशन (जागा व्यापणारी मांडणी) घालूया. तो मोह थोडा आवरा आणि जुना आराखडा घेऊन तासांचा हिशेब मांडा. समजा सत्र 15 आठवड्यांचं आहे आणि आठवड्याला 6 तास मिळतात. म्हणजे हातात 90 तास. त्यांतून शेवटच्या परीक्षणाचा आठवडा आणि सुरुवातीची ओळख वजा करा. उरलेल्या वेळात मातीतलं शिर, साचा, ओतकाम, कोरीवकाम आणि वेल्डिंग हे सगळं बसत नाही. बसवलं तर मुलांना प्रत्येक माध्यमाची तोंडओळखच होते, आणि ती तर पहिल्या वर्षी झालेलीच असते. म्हणून काय ठेवायचं याच्या आधी काय काढायचं त्याची यादी करा. मी दोनच माध्यमं ठेवीन, एक भर घालण्याचं (माती) आणि एक वजा करण्याचं (कोरीवकाम), आणि त्यांच्यामध्ये साचा.

हे ठरलं की कार्यशाळेत जा आणि तिथल्या तंत्रसहाय्यकाशी बोला. कागदी आराखडा पुरा व्हायच्या आधी, नंतर नाही. भट्टी एका वेळी किती कामं घेते आणि गेल्या सत्रात कुठल्या आठवड्यात गर्दी तुंबली, हे त्यांनाच ठाऊक असतं. वेळापत्रक खरं तर माती ठरवते. जाड भाग आतून ओला राहिला तर भट्टीत त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि काम फुटतं, सोबत शेजारच्याचंही. त्यामुळे आतून पोकळ करणं, भिंत साधारण सारख्या जाडीची ठेवणं आणि सावकाश वाळवणं, यांना स्वतंत्र आठवडे द्या. त्या रिकाम्या दिसणाऱ्या आठवड्यांत चित्रवही, स्लाइड आणि चर्चा बसवता येतात.

साच्याचा भाग मात्र नीट रचा, कारण दुसऱ्या टप्प्याचं खरं काम तिथेच होतं. साचा म्हणजे नक्कल काढायचं साधन, एवढंच मुलं धरून चालतात. त्यांना फ्रेंच शिल्पकार रोदांच्या ‘तीन छाया’ दाखवा. एकच आकृती तीनदा ओतून, वेगवेगळ्या कोनांतून वळवून शेजारी उभी केली आहे. मग गृहपाठ आपोआप सुचतो: स्वतःच्याच साच्यातून तीन प्रती काढा, कापा, उलट्या जोडा. समोर शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांचं 1938 चं ‘संथाळ कुटुंब’ ठेवा. सिमेंट आणि लॅटराइटचे (जांभ्या दगडाचे) खडे थेट सांगाड्यावर चढवलेले, साचा मुळी नाहीच. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की वाद आपोआप सुरू होतो. अमेरिकन शिल्पकार ईव्हा हेसचं लेटेक्समधलं (द्रव रबरातलं) कामही असू द्या. ते पिवळं पडून कडक झालं आहे, आणि साहित्याचं आयुष्य किती, हा प्रश्न विद्यार्थ्याने निवड करतानाच विचारायला हवा.

सुरक्षिततेचं पान जुन्या आराखड्यातून जसंच्या तसं उचलू नका. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं. त्यात हात बुडवून ठसा घ्यायचा उद्योग कुणी ना कुणी करतोच, तेव्हा तो स्पष्ट शब्दांत बंद करा. दगडाची आणि वाळलेल्या मातीची धूळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण सिलिका फुप्फुसात साठते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करू देऊ नका. रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं रसायन) ठेवणार असाल तर हवा बाहेर खेचण्याची सोय आधी पाहा. ती नसेल तर रेझिन काढून टाका, ते कुणी मागितलं तरी. लोखंडी सांगाडा प्लास्टरमध्ये गंजतो आणि डाग वर येतो, म्हणून सांगाड्यावर आधीच शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) हात मारायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

आता तो प्रिंटर. असेल तर वापरा, पण वेगळा विषय म्हणून नाही. फोनवर काढलेल्या फोटोंवरून मातीच्या शिराचं त्रिमित मॉडेल करणं, ते लहान-मोठं करून पाहणं, यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. स्क्रीनवर शिल्पाला वजन नसतं, एवढं मुलांच्या लक्षात आलं तरी बास.

मूल्यमापनात तयार कामाला सगळे गुण देऊ नका. फुटलेलं काम पुन्हा उभं करणाऱ्याला कुठे गुण मिळतात, ते आराखड्यात शोधा. सापडलं नाही तर प्रक्रियावहीला (काम कसं घडत गेलं याच्या नोंदवहीला) निदान तिसरा हिस्सा द्या. सत्र संपल्यावर कामं ठेवायची कुठे आणि किती दिवस, हेही लिहून टाका, नाहीतर पुढच्या वर्षीची मुलं अनाथ मुंडक्यांमध्ये उभी राहून माती मळतात.

मंजुरीला कागद पाठवण्याआधी शेवटचं एक काम उरतं. नवा गृहपाठ स्वतः करून बघा, घड्याळ लावून. विद्यार्थ्याला त्याच्या दुप्पट वेळ धरा.