घरासाठी पहिलं कॉर्डलेस ड्रिल घेताय? आधी भिंत बघा

पडद्याचा रॉड. बहुतेक घरात ड्रिल मशीन घ्यायचं खूळ इथूनच सुरू होतं. नवीन फ्लॅट, चार खिडक्या, आठ ब्रॅकेट, आणि इलेक्ट्रिशियन "उद्या नक्की येतो साहेब" करत तीन रविवार गायब. मग आपण मोबाइलवर शोधतो, एका ब्रीफकेसमध्ये ड्रिल, दोन बॅटऱ्या, ढीगभर बिटं (भोक पाडायचे टोकदार दांडे), पक्कड, टेप, वर मोठ्या अक्षरात ८८ व्होल्ट, आणि किंमत बघून वाटतं घेऊनच टाकू. मी घेतलं होतं. पहिल्या खिडकीवर पहिलं भोक, गिलावा आरामात गेला आणि मग मशीन नुसतं किंचाळत राहिलं, बिटाचं टोक निळं पडलं, भिंतीत वाटाण्याएवढा खळगा तेवढा झाला. बायको खाली स्टूल धरून उभी, तिने फक्त "अजून किती वेळ?" एवढंच विचारलं.

मशीन फालतू होतंच, पण अर्धी चूक माझी. खिडकीच्या वर लिंटल असतो, म्हणजे आडवी तुळई, आरसीसीची, काँक्रीट आणि आत सळई. पडद्याचे ब्रॅकेट नेमके तिथेच येतात, म्हणजे घरातलं सगळ्यात पहिलं काम सगळ्यात कडक जागी. हे मला शेवटी उगवलेल्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं, त्याने वायरवालं हॅमर मशीन लावून आठही भोकं चहा उकळेपर्यंत पाडली.

म्हणून मशीन बघायच्या आधी भिंत बघा. कपाटामागे कुठेतरी कोणाकडून तरी ६ एमएमचं एक भोक पाडून घ्या आणि खाली पडणारी पूड बघा. लाल पूड आली तर वीट, काम सोपं. पांढरट पूड आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत, तर सिपोरेक्स, म्हणजे ते हलके एएसी ब्लॉक. राखाडी पूड चिमूटभर आणि बिट अडून बसलं तर काँक्रीट. नवीन टॉवरमध्ये राहत असाल तर मिवान पद्धतीचं बांधकाम आहे का ते विचारा, त्यात ॲल्युमिनियमचे फर्मे लावून भिंती आणि स्लॅब काँक्रीटमध्ये एकत्रच ओततात, त्यामुळे लिंटलच काय, जवळपास सगळी भिंतच आरसीसी. आणि गावाला चिऱ्याचं घर असेल तर जांभ्यात बिट जातं पटकन पण दगडात पोकळ्या असतात, भोक हवं त्यापेक्षा मोठं आणि वाकडं होतं, तिथे ८ एमएमचा लांब प्लग (स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) घ्यावा लागतो.

आता मशीन. दुकानात "इम्पॅक्ट" हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. इम्पॅक्ट ड्रिल म्हणजे साधंच ड्रिल, फक्त आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात त्यामुळे बिट फिरता फिरता पुढे-मागे थरथरतं. विटेला पुरतं, काँक्रीटला नाही, कारण त्यातला ठोका तुम्ही मागून जेवढा जोर लावाल तेवढाच. इम्पॅक्ट ड्रायव्हर हे बुटकं मशीन, ते स्क्रू फिरवताना आडवे ठोके देतं, लांब स्क्रू लाकडात घुसवायला एकदम भारी, पण भिंतीला भोक पाडायला उपयोग नाही, आणि कान फाटतील इतका आवाज. तिसरं रोटरी हॅमर, ज्याला मिस्त्री लोक नुसतं हॅमर म्हणतात, त्यात पिस्टन हवेच्या दाबाने खरोखरचा घण मारतो आणि बिट एसडीएसचं असतं, दांड्याला खाचा असलेलं, चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, आवळावा लागत नाही, नुसतं खट्‌कन आत ढकलायचं. काँक्रीटला हेच.

माझं मत स्पष्ट सांगतो. पहिलं मशीन म्हणून इम्पॅक्ट मोड असलेलं कॉर्डलेस ड्रिल-ड्रायव्हर घ्या, एकच, दोन बॅटऱ्यांसकट. मॉडेल नंबरवरून फरक कळतो, बॉशच्या निळ्या मशीनवर जीएसआर लिहिलं असेल तर इम्पॅक्ट नाही, जीएसबी असेल तर आहे. मकिताचं डीएफ म्हणजे साधं, एचपी म्हणजे हॅमर मोडवालं, हॅमर मोड म्हणजे तोच इम्पॅक्ट मोड. दोघं दिसायला जुळे भाऊ, किंमतीत थोडाच फरक, आणि दुकानदार स्टॉकमध्ये असेल ते गळ्यात मारतो. काँक्रीटसाठी मात्र बॅटरीचं हॅमर घ्यायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, वर्षातून आठ-दहा भोकं असतील तर इलेक्ट्रिशियनला पैसे द्या किंवा वायरवालं हॅमर घ्या, ते बॅटरीवाल्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

बॅटरीचं गणित एकदा समजून घ्या म्हणजे कोणी फसवणार नाही. ते ८८ व्होल्टवालं पॅक मी नंतर उघडलं (तुम्ही उघडू नका, आत शॉर्ट झालं तर पेट घेतं). आत पाच सेल. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, फुल चार्ज झाल्यावर ४.२. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. मल्टिमीटर लावला तर २०.६ आले, जे बरोबरच आहे. ८८ कुठून आणले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. बाजारात ४८, ८८, १२८ असे आकडे लिहिलेली मशीनं दिसतात आणि पॅक मुठीत मावेल एवढं, तेव्हा एवढाच हिशोब करायचा, तीन सेल की पाच सेल. तीन सेलवाल्यावर १०.८ किंवा १२ लिहितात, पाच सेलवाल्यावर १८ किंवा २०. १८ आणि २० मॅक्स यात काही फरक नाही, डीवॉल्टचं जे मशीन अमेरिकेत २० मॅक्स म्हणून विकतात तेच युरोपात १८ म्हणून.

टाकी केवढी आहे ते व्होल्टने नाही कळत, वॉट-अवरने कळतं. व्होल्ट गुणिले एएच, म्हणजे बॅटरीवर लिहिलेले अँपिअर-अवर. १२ वाली २ एएच बॅटरी म्हणजे १०.८ गुणिले २, साधारण २२. १८ वाली २ एएच म्हणजे ३६. तीच ४ एएच घेतली तर ७२, पण वजनही वाढलं, आणि शिडीवर उभं राहून हात वर करून धरायचं असतं हे दुकानात आठवत नाही. मला विचाराल तर नुसता फ्लॅट आहे, विटेच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, फोटो, शेल्फ, बिजागऱ्या, पलंगाचे स्क्रू, एवढीच कामं, तर १२ व्होल्टवालं बास झालं, छोटं आहे, किचनच्या कपाटात आत घुसतं. गावाला घर आहे, कुंपण, पत्रे, झाडांच्या फांद्या, पुढे ग्राइंडर (पत्रा-सळई कापायचं चाकवालं मशीन) लागणार, तर सरळ १८. आज १२ घेऊन उद्या १८ वर जाऊ असं करू नका, बॅटऱ्या एकमेकांना बसत नाहीत.

पहिली बॅटरी घेतली की त्या कंपनीच्या घराशी सोयरीक झाली समजा. पुढचं प्रत्येक मशीन त्याच बॅटरीवर चालणारं, बॅटरीशिवाय नुसती बॉडी घ्यायची, पैसे तिथे वाचतात. पण एका कंपनीत पण भाऊबंदकी असते, बॉशच्या निळ्या १८ व्होल्टची बॅटरी हिरव्या मशीनला लागत नाही, मकिताची १८ ची ४० व्होल्टवाल्याला नाही. त्यामुळे सेटवरच्या ऑफरपेक्षा सुट्या बॅटरीची किंमत आधी विचारा. बॅटरी चार-पाच वर्षांनी थकणारच, तेव्हा ती सुटी मिळते का, सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का की कुरिअरने पाठवायचं, हे दोन प्रश्न विचारल्यावर दुकानदाराचा चेहरा बघा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, तिथे दोन-चार दुकानं फिरलात तर मशीन हातात घेऊन बघता येतं, तेवढ्यासाठी तरी जा.

हातात घेतलं की काय बघायचं? बॅटरी लावा, एक लांब बिट चकात आवळा आणि ट्रिगर अगदी हळू दाबा. गोगलगायीसारखं हळू फिरलं पाहिजे, एकदम झटक्यात सुटत असेल तर स्क्रू लावताना त्रास. बिटाचं टोक डगमगतंय का बघा, थोडं चालेल, गोल गोल फिरत असेल तर दुसरा पीस मागा. ब्रशलेस आणि ब्रशवालं असे दोन प्रकार असतात, ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन ब्रश नसतात, त्याच बॅटरीवर जास्त काम होतं, पण घरच्या कामाला ब्रशवालं वर्षानुवर्षं चालतं, त्या फरकाचे पैसे दुसऱ्या बॅटरीत घाला.

अमेरिकेतल्या नातेवाइकाला सांगून मागवायचा विचार असेल तर जरा थांबा. तिकडचे बरेचसे चार्जर फक्त १२० व्होल्टचे असतात, आपल्या २३० वर लावला की धूर. चार्जरच्या मागे इनपुटसमोर काय लिहिलंय त्याचा फोटो आधी मागवा. आणि सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच, तीही १०० वॉट-अवरच्या आतली. १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९०, बसते. ६ एएच म्हणजे १०८, त्याला एअरलाइनची परवानगी लागते. मशीनची बॉडी मात्र चेक-इनमध्ये टाकायची, केबिनमध्ये काढून घेतील.

सेटमध्ये मिळणारी ती ढीगभर बिटं विसरा. सुटी चांगली पाच-सहा घ्या. भिंतीसाठी ६ आणि ८ एमएम, टोकाला कार्बाइडचा तुकडा असलेली. लाकूड आणि पत्र्यासाठी एचएसएसची, म्हणजे कडक पोलादाची, ३ आणि ५ एमएम. स्क्रूसाठी पीएच२ ची चार, कारण आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक फुली खाचेच्या स्क्रूंना तेच बसतं आणि झिजलेलं बिट स्क्रूची खाच खाऊन टाकतं. टाइल्ससाठी भाल्याच्या टोकासारखं एक वेगळं बिट येतं, टाइलवर मास्किंग टेप चिकटवून, हॅमर मोड बंद करून, हळू. सिपोरेक्सलाही हॅमर मोड लावायचा नाही, भोक फाकतं आणि प्लग गोल फिरत बसतो.

चकामागची आकडे लिहिलेली रिंग, तो क्लच, लोक त्याला हातच लावत नाहीत. समजा कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू उखडलाय. रिंग ५ वर ठेवा, स्क्रूवर बिट सरळ टेकवा, मागून तळव्याने दाब द्या, ट्रिगर हळू. स्क्रू बसला की मशीन टक टक टक करत पुढे फिरायचं थांबतं. अजून ढिला वाटला तर ६, मग ७. रिंग ड्रिलच्या चित्रावर ठेवून प्लायमध्ये स्क्रू मारलात तर तो आतली भुकटी करून जागच्या जागी फिरत राहील, मग आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरून परत सुरुवात. सागवानासारख्या लाकडात आधी ३ चं भोक पाडा, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं.

भिंतीला भोक पाडताना बिटावर टेप गुंडाळून खोली ठरवा, आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली कधीच नाही, वायरचे पाइप तिथूनच गेलेले असतात. मशीन बॅटरीवर असलं तरी भिंतीतली वायर लाइव्हच असते, त्या खोलीचा एमसीबी पाडा, कॉर्डलेस असल्याचा हा खरा फायदा. खाली पाकीट उघडं करून टेपने चिकटवलं की पूड त्यात पडते, घरात शांतता राहते.

दुसरं मशीन कुठलं, हे सहा महिने थांबून ठरवा. बऱ्याच जणांना ब्लोअर सगळ्यात जास्त वापरात येतो, एसीची जाळी, खिडक्यांचे ट्रॅक, दिवाळीची साफसफाई. प्लायचं काहीबाही करायची हौस असेल तर जिगसॉ, म्हणजे वळणदार कापणारी छोटी करवत. ग्राइंडर गावच्या घराला लागतोच, पण तो पहिल्या सेटमध्ये नको, मिनिटाला हजारो फेऱ्या फिरणारं चाक आहे ते, गार्ड काढून वापरणारे मिस्त्री बघून शिकू नका, आणि त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं तर अजिबात लावू नका, ते अडकलं की मशीन उलटं अंगावर येतं. डोळ्यांवर चष्मा, सैल बाही नाही.

बॅटरी मे महिन्यात गाडीत ठेवू नका, उन्हाने तिचं आयुष्य जातं. काम करून गरम झाली असेल तर पंख्याखाली गार होऊ द्या, मग चार्जिंगला. बरेच महिने वापर नसेल तर अर्धी चार्ज करून ठेवायची, फुलही नाही, रिकामीही नाही. पावसाळ्यात कोकणात बिटं गंजतात, तेलाचा हात फिरवून डब्यात, बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या टाकून. आणि गावाला निघताना चार्जर घेतला का ते दोनदा बघा, मी एकदा मशीन आणि दोन बॅटऱ्या घेऊन कणकवलीपर्यंत पोचलो, चार्जर डोंबिवलीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आणि दारांच्या कड्या मग मामाच्या स्क्रू ड्रायव्हरने हातानेच बसवल्या.