लहान मुलांना घेऊन एका दिवसात माथेरान कसं करावं (आणि डब्यात काय न्यावं)

आमच्याकडे थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीच. आम्ही राहतो डोंबिवलीला, म्हणजे माथेरान तसं अंगणातच. तरी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी दोन वाजता दोघंही भर रस्त्यात गळा काढून रडत होती आणि आम्ही नवरा-बायको एकमेकांवर धुसफुसत होतो. चूक जागेची नव्हती, वेळापत्रक आम्ही आमच्या सोयीचं लावलं होतं. आता सहल मुलांच्या भुकेभोवती आणि झोपेभोवती आखतो, बाकी सगळं त्यात बसवतो.

दिवस ठरवताना रविवार आणि मे महिना टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात माथेरान देखणं दिसतं हे खरं, पण ओल्या कपड्यातलं अडीच वर्षांचं मूल कडेवर घेऊन चालणं म्हणजे काय, ते एकदा केलं की पुरतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी दशम्या करून ठेवा. वर खायला भरपूर मिळतं, पण मुलाला भूक लागते त्या मिनिटाला मिळत नाही. गुळाच्या दशम्यांसाठी दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी किसलेला गूळ, दोन चमचे गरम तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, थोडी वेलदोड्याची पूड आणि भिजवायला लागेल तसं दूध घ्या, साधारण अर्धी वाटी पुरतं. गूळ दुधात विरघळवायचा तर दूध गार किंवा जेमतेम कोमट असावं. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटण्याची भीती असते. पाणी अजिबात घालू नका, दशमी टिकते ती त्यामुळेच. गूळ सुटत जातो म्हणून पीठ सुरुवातीला घट्टच भिजवा. अर्ध्या तासाने हात लावलात तर ते आपोआप सैल झालेलं असेल.

लाटताना पोळीपेक्षा जाड ठेवा आणि आच मंद. गूळ लगेच करपतो, पहिली दशमी बहुतेकदा तव्याच्या नावानेच जाते. दोन्ही बाजूंनी तूप सोडून भाजा आणि जाळीवर किंवा सुती फडक्यावर पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना डब्यात भरल्या तर वाफ धरते, ओलसर होतात आणि सकाळपर्यंत वास येतो. माझ्या सासूबाई तर रात्रभर फडक्यातच गुंडाळून ठेवतात, डबा सकाळी.

सकाळी दोनच कामं. मोठ्यांसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. छोट्यासाठी दहीभात, पण दही घालून न्यायचा नाही, वाटेत आंबट होतो. मऊसर भात घोटून घ्या, तो कोमट झाला की भरपूर दूध घाला, त्यात फक्त एक चमचा दही ढवळा आणि वर तूप-जिऱ्याची फोडणी. सहाला भरलेला डबा साडेबारापर्यंत आपोआप विरजतो. उघडला की दही ताजं, गोडसर. मीठ वेगळ्या पुडीत, खाताना घाला.

आता प्रवास. कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरायचं. मुंबईहून येत असाल तर सीएसएमटीपासून साधारण दोन तास धरा. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून लोकलने नेरळ गाठावं. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट नसतं. आम्ही सातच्या आतली लोकल पकडतो, कारण धाकटा त्या वेळी अर्धवट झोपेत असतो आणि बदलापूरपर्यंत मांडीवरच राहतो.

नेरळला मोठा मोह समोर उभा असतो तो म्हणजे झुकझुक गाडी. अरुंद रुळांची ही गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय कुटुंबाने ती बांधली, आणि आजही ती वळणं घेत डोंगर चढताना बघून मोठ्यांचाही जीव हरखतो. पण नेरळहून वर जायला तिला अडीच तासांहून जास्त लागतात आणि गाड्या मोजक्याच असतात. सहा वर्षांची पोर तासाभराने खिडकीला कंटाळते, अडीच वर्षांचा अर्ध्या तासात. म्हणून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावं आणि तिथून जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोटी शटल गाडी घ्यावी. वीसेक मिनिटांत माथेरान बाजार येतो, मुलांच्या लेखी ‘गाडीत बसलो’ हे होतं आणि तुमचे दोन तास वाचतात. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, शटल तेवढी चालते.

घाटात उलट्या होतात. टॅक्सीत चढण्याआधी तासभर दूध देऊ नका, कोरडी पुरी किंवा दशमीचा तुकडा चालतो. मूल पुढच्या बाजूला, नजर समोरच्या रस्त्यावर, आणि हाताशी दोन पिशव्या. दोन म्हणजे दोनच, कारण एकाला झाली की दुसऱ्यालाही होते.

दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, म्हणून तर माथेरान मुलांना सोडायला इतकं चांगलं. हॉर्न नाही, गाडी अंगावर येण्याची धास्ती नाही. शटल चुकली तर ई-रिक्षा आहेत, घोडे आहेत, नाहीतर पाय. बाबागाडी मात्र घरी ठेवा. लाल माती, दगड आणि झाडांची मुळं यात ती चालत नाही, शेवटी तीच उचलून न्यावी लागते. पाठीवर बांधायची झोळी आणा.

पॉइंट किती बघायचे? एक. फार तर दीड. आम्ही शार्लोट तलावाकडे जातो. शेजारीच पिसरनाथाचं देऊळ आहे, ते इथलं ग्रामदैवत. वाटेवर सावली असते. मुलं तास-दीड तास पानं, काड्या, मुंग्या यांत रमतात आणि ते ‘काहीच न बघणं’ आम्ही आता मनापासून मान्य केलंय. जवळच इको पॉइंट आहे, थोरलीला तिथे ओरडायला मिळालं की ती खूश. पण कड्यापाशी लहान मुलाचा हात नाही, मनगट धरा. हात निसटतो.

जेवण माकडं नसलेल्या जागी, म्हणजे शक्यतो चार भिंतींत. एकदा झाडाखाली सतरंजी पसरून बसलो होतो. नवऱ्याने वेफर्सचं पाकीट काढलं, ते कुरकुरलं, आणि पुढच्या क्षणी एक भलंमोठं माकड पुऱ्यांची पिशवी घेऊन फांदीवर. धाकटा टाळ्या वाजवत होता, थोरली हमसाहमशी रडत होती. तेव्हापासून प्लॅस्टिक नाही, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे आणि ते कापडी पिशवीच्या तळाशी. एखाद्या साध्या खानावळीत बसून मोठ्यांसाठी दोन थाळ्या मागवायच्या आणि मुलांचा डबा उघडू द्याल का म्हणून आधीच विचारायचं. लहान मूल दिसलं की बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. माकडांना आपणहून काही देऊ नका, त्यांची धिटाई त्यातूनच वाढते.

येताना बाजारात चिक्की घ्यालच. चार वर्षांखालच्या मुलाला अख्ख्या दाण्यांची चिक्की मात्र देऊ नका, दाणा घशात अडकतो. घरी नेऊन खलबत्त्यात अगदी बारीक कुटा आणि दुधात घाला.

परतीला तीनपर्यंत दस्तुरी सोडा. नेरळहून बसायला जागा मिळेल अशी लोकल गाठायची तर उशीर करून चालत नाही, आणि मुलं गाडीतच झोपतात. एखादी दशमी उरलीच असेल तर ती वांगणीच्या आसपास अर्धी-अर्धी वाटली जाते. घरी आल्यावर लाल मातीचे कपडे त्याच रात्री वेगळे भिजवा, पांढऱ्या बनियनबरोबर टाकलेत तर आठवडाभर सगळं घर गुलाबी बनियन घालून फिरेल. आमचं फिरलंय.