थंडीत सकाळी इंजिनातून टकटक: माझा अनुभव

गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुमारास सोलापुरात पहाटे चांगलाच गारठा असतो. तेव्हा माझी पेट्रोल गाडी सुरू केली की टकटक आवाज यायचा, इंजिन तापलं की गायब. दुपारी काहीच नाही.

बॉनेट उघडून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, त्याखाली व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट असतात) आणि मूठ कानाला लावली. आवाज तिथलाच, खालून नव्हता. खालून दणदण येत असेल आणि तापल्यावरही थांबत नसेल तर बेअरिंग गेलेलं असू शकतं, मग गाडी चालवूच नका.

डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तर ऑइल काकवीसारखं हळूहळू ओघळत होतं. आधीच्या गॅरेजवाल्यानं ‘इथं ऊन फार’ म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरलेलं, मॅन्युअलमध्ये मात्र ५डब्ल्यू-३० हे पातळ. गारठ्यात जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर टॅपेट वाजतात. ऊन कितीही असो, मॅन्युअलचंच ऐकावं.

ऑइलबरोबर फिल्टरही बदलला, आणि चांगलाच घेतला. त्यातला रबरी व्हॉल्व्ह इंजिन बंद असताना ऑइल मागे उतरू देत नाही. स्वस्तातल्या फिल्टरात तोच आधी जातो.

आता स्टार्टरला क्षणभर टिकटिक होते, मग शांत. सकाळी लगेच रेस मात्र करत नाही.