चुकून दुसरी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकली? मग निदान या चुका तरी टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम आहे, आणि "विंडोजवर चुकून उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) बसलं, फाईली मिळतील का" म्हणत येणाऱ्याने घरी आधी काय काय करून ठेवलंय ते मला न विचारताच कळतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याच डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर डाऊनलोड करणं. ऐरोलीचे एक काका, सोसायटीचे सेक्रेटरी, मेंटेनन्सच्या सगळ्या एक्सेल, एजीएमचे मिनिट्स, सगळं एकाच जुन्या लॅपटॉपवर. भाच्याने लिनक्स दाखवतो म्हणून 'इरेज डिस्क' वालं ऑप्शन निवडलं आणि नेक्स्ट नेक्स्ट करत सुटला. इथपर्यंत बरंच वाचलं असतं, कारण हार्ड डिस्क होती, आणि त्यावर नवीन ओएस बसली तरी ती काही सगळी जागा भरत नाही, उरलेल्या जागेत जुना डेटा तसाच पडून असतो. पण भाच्याने व्हिडिओ बघून त्याच मशीनवर ब्राऊजर उघडला, अपडेट मारले, दोन-तीन सॉफ्टवेअर टाकली, आणि सापडलेल्या फाईली परत त्याच डिस्कवर सेव्ह केल्या. म्हणजे जे शोधतोय त्याच्यावरच लिहीत बसला! माझ्याकडे आलं तेव्हा टेस्टडिस्क या रिकव्हरी सॉफ्टवेअरला जुनं पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) दिसलं पण आत फोल्डरची यादी नाही, मग डिस्कवरून एक एक फाईल शोधून काढणारं फोटोरेक चालवलं. फोटोरेक फाईलची नावं देत नाही, एफ आणि पुढे आकडे, बस. काका आणि मी एक एक एक्सेल उघडून कुठला महिना ते ओळखत बसलो, कितीतरी उघडल्याच नाहीत. शेवटी मी म्हटलं काका, ऑडिटला सीएला मेल करत होता ना? सेंट मेलमध्ये बरंच काही निघालं. म्हणून आता मी आधी मेल, वॉट्सॲप आणि ड्राईव्ह बघायला सांगतो, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

चूक लक्षात आली की पॉवर बटण दाबून धरा, मशीन बंद. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची, नाहीतर पेनड्राईव्हवरून लाईव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारं), आणि सगळ्यात आधी डीडीरेस्क्यू या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरने मोठ्या डिस्कवर अख्खी इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी कॉपी. जे करायचं ते त्या इमेजवर. मी तर ओरिजिनल डिस्कवर मास्किंग टेप लावून 'हात लावू नका' लिहून ठेवतो. पण डीडीरेस्क्यूत आधी सोर्स, मग डेस्टिनेशन. उलटं दिलंत तर उरलंसुरलं स्वतःच्या हाताने पुसलंत.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (चिपवाली डिस्क) असेल तर मन घट्ट करा. फॉरमॅट करतानाच बहुतेक वेळा ट्रिम, म्हणजे 'हा डेटा आता नको' असा निरोप जातो, एसएसडी ते ब्लॉक मोकळे करते आणि मग वाचायला गेलं तर नुसते शून्य येतात. असं झाल्यावर कुठलंही पेड सॉफ्टवेअर चमत्कार करत नाही, पण लोक क्रॅक शोधून टाकतात आणि वर व्हायरस घेऊन येतात.

विंडोजवरच परत विंडोज टाकली असेल आणि फॉरमॅट केलं नसेल तर सी ड्राईव्हमध्ये जुन्या फाईली ठेवलेला विंडोज.ओल्ड फोल्डर बघा, आणि आजच बघा, साधारण 10 दिवसांनी ते आपोआप उडतं.

क्विक फॉरमॅट आणि फुल फॉरमॅट एकच समजू नका, विंडोज विस्टापासून फुल फॉरमॅट अख्ख्या ड्राईव्हवर शून्य लिहितो, म्हणजे जुनं काही उरत नाही.

विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन (डेटाला कुलूप) आधीपासून चालू असतं, तेव्हा फोटोरेकला काहीच सापडत नाही. आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ते कुलूप उघडायची रिकव्हरी की आहे का बघा.

आणि डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर लावू नका, माझ्याकडेही आणू नका, सरळ डेटा रिकव्हरी लॅबमध्ये द्या. महाग पडतं, पण डिस्क घरी उघडून फ्रीजमध्ये ठेवणारे महाभाग मी बघितलेत, त्यानंतर लॅबवालेही हात वर करतात.