पहिलं मूल सहज झालं, तरी एएमएच कमी? रिपोर्ट असा वाचा

माझी मैत्रीण एएमएचचा (अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारं, रक्तात तपासायचं हार्मोन) रिपोर्ट हातात घेऊन म्हणाली, अगं दोन पोरं झाली मला, मग हा आकडा इतका कमी कसा. तर आधी हेच डोक्यातून काढा. बाळंतपणं किती झाली यावरून आत्ता अंडी किती उरलीत ते कळत नाही. पाचेक वर्षांपूर्वी दिवस राहिले म्हणजे तेव्हा सगळं ठीक होतं, एवढंच.

उलटा गैरसमज पण असतो, की गरोदरपणात नऊ महिने अंडं बाहेर पडत नाही म्हणजे तेवढी वाचली. अहो, वाचून वाचणार किती, आठ-नऊ? जन्मताना १० ते २० लाख असतात, पाळी सुरू होईपर्यंत ३-४ लाख उरतात आणि आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम ४००-५००, बाकीची आतल्या आत विरून जातात आणि हे विरणं गरोदरपणात पण थांबत नाही. एकही मूल न झालेल्या बायकांची पाळी सरासरी थोडी लवकर जाते असं अभ्यासात दिसलंय, पण तो फरक छोटा आहे, त्यावर स्वतःचा हिशोब मांडू नका. खरा हिशोब वयाचा.

आता करायचं काय. डॉक्टरांकडे जायच्या आधी एका कागदावर लिहून काढा: प्रत्येक बाळंतपण कितव्या वर्षी, दिवस राहायला किती महिने लागले, मिसकॅरेज, अंगावर पाजणं कधी थांबवलं, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, चॉकलेट सिस्टचं (अंडाशयात जुनं रक्त साचून झालेली गाठ) किंवा अंडाशयाचं काही ऑपरेशन, किमो, सिगरेट, आणि आईची पाळी कितव्या वर्षी गेली. हे शेवटचं बहुतेकींना माहीतच नसतं, आईला फोन करून विचारा.

टेस्टची वेळ पण बघा. गरोदरपणात एएमएच खाली जातं, बाळंतपणानंतर हळूहळू वर येतं, त्यामुळे बाळ लहान असताना काढलेल्या आकड्यावर घाबरू नका. गोळ्या चालू असतील तरी आकडा कमी दिसतो.

रिपोर्टवर आधी युनिट बघा, मग आकडा. मैत्रिणीच्या बहिणीचा ७ आला म्हणून ती खूश, पण तो पिकोमोलमध्ये होता, म्हणजे नॅनोग्रॅममध्ये जेमतेम १ (७.१४ ने भागायचं). एएमएच कुठल्याही दिवशी चालतं, एफएसएच (अंडी वाढवायला लावणारं हार्मोन) मात्र पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणि सोबत इस्ट्राडायोल (अंडाशयातून येणारं हार्मोन) हवंच, कारण ते वाढलेलं असलं की एफएसएच उगाच नॉर्मल दिसतं. त्याच दिवसांत सोनोग्राफीत छोटे फॉलिकल (अंडी असलेल्या पिशव्या) पण मोजून घ्या.

आणि आकडा कमी म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, तो संख्या सांगतो, अंड्याची क्वालिटी नाही. प्रयत्न चालू असतील तर वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, ३५ च्या वर सहा महिने बघा आणि मग डॉक्टरकडे जा, पहिलं मूल सहज झालं असलं तरी. फक्त आकडा आधीच कमी आलाय किंवा अंडाशयाचं ऑपरेशन झालंय तर एवढं पण थांबू नका.