एमजीबीची ऑइलगळती शोधण्याआधीची तयारी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या खाली ऑइलचा डाग दिसला की बहुतेक मिस्त्री पहिल्यांदा मागच्या मेन सीलचे, म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला ऑइल अडवणाऱ्या कड्याचे, नाव घेतात, आणि ते सील बदलायचे म्हणजे इंजिन उतरवावेच लागते. इंजिनाला साखळी लावण्याआधी हाताशी काय असावे आणि काय तपासून झालेले असावे, त्याची ही यादी आहे. हातमोजे, टॉर्च, चाकांखालचे लाकडी ठोकळे हे सांगत बसत नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरू नये.

सर्वांत आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातला कोंडलेला वायू बाहेर काढण्याची वाट, तपासावा. मागच्या खेपेला नेमके हेच राहिले, इंजिन उतरले, नवे सील बसले आणि डाग त्याच जागी परत आला. म्हणून हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल. इंजिन कितीही चांगले असले तरी पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. १७९८ सीसीच्या या बी-सिरीज इंजिनात तो बाहेर नेणारी नळी पुढच्या टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणावर) असते आणि त्या कव्हरच्या डबीत तारेची जाळी असते. १९६४ ते १९६८ या काळातील बहुतेक गाड्यांत नळीचे दुसरे टोक इनलेट मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यावरच्या) व्हॉल्व्हला, तर नंतरच्या अनेक गाड्यांत एसयू बनावटीच्या कार्बुरेटरांना जोडलेले असते. ताजी हवा आत येते ती ऑइल भरण्याच्या टोपीतल्या फिल्टरमधून. जाळीत काजळीचा गाळ साचला आणि टोपीही तुंबली की वायूला वाट राहत नाही, आत दाब वाढतो आणि तो ऑइलला जिथे फट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. सील नवे असले तरी त्यात फरक पडत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवावे, ऑइलची टोपी काढावी आणि त्या तोंडावर पातळ कागद धरावा. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. तो फडफडून वर उडत असेल तर बाकीची यादी बाजूला ठेवून आधी नळी काढावी, जाळीची डबी रॉकेलमध्ये भिजत घालावी आणि व्हॉल्व्ह असल्यास त्याचा पडदा पाहावा. टोपी झाकणासारखी दिसत असली तरी फिल्टरसकट ठरावीक काळाने बदलण्याचा भाग आहे, ती धुऊन परत लावण्यात अर्थ नाही. सगळे स्वच्छ असूनही कागद उडत असेल तर रिंगा झिजल्या असाव्यात. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे, सीलला हात लावू नये.

आता ऑइलची पातळी. डिपस्टिक (पातळी मोजण्याची पट्टी) सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावी; गाडी नुकतीच फिरून आली असेल तर ऑइल खाली उतरेपर्यंत काही मिनिटे थांबावे. सोलापुरात घरापुढच्या शहाबादी फरशीला पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो, आणि त्या उतारावर उभ्या गाडीची डिपस्टिक खोटे बोलते, हे लक्षात ठेवावे. गवंड्याची पाणसळ मागून आणावी, गाडी समतल जागी उभी करावी, जागेवर खडूने खूण करावी आणि दरवेळी त्याच जागी मोजावे. वहीत तारीख, मीटरचा आकडा, पातळी आणि वर घातलेले ऑइल एवढे लिहावे. या नोंदीशिवाय ‘ऑइल फार लागते’ या तक्रारीला काही किंमत नाही, कारण ऑइल गळते आहे की जळते आहे हेच त्यातून कळत नाही. जमिनीवर डाग नाही, पण पातळी उतरते आणि सकाळी सुरू करताना निळा धूर येतो, तर व्हॉल्व्हच्या गाइडकडे (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीकडे) पाहावे. कमाल खुणेच्या वर ऑइल भरणे हीही चूकच आहे, कारण क्रँक ते घुसळून फेस करतो आणि जास्तीचे ऑइल बाहेर पडायला वाट शोधते.

ऑइल न घालता पातळी वाढलेली दिसली तर गाडी सुरूच करू नये. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बुरेटरची नीडल अडकून पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरले असेल, आणि ऑइल चहासारखे दुधाळ झाले असेल तर पाणी मिसळले आहे, म्हणजे हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पट्टीची) शंका घ्यावी. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या टोपीखाली थोडी साय साचते, तिला मात्र घाबरू नये.

यानंतर सफाई. माखलेल्या इंजिनावर गळती शोधता येत नाही, कारण ऑइल धावत्या हवेने मागे जाते आणि सगळे दोष शेवटी बेलहाउसिंगवर, म्हणजे इंजिनामागच्या क्लचच्या आवरणावर, जमा झालेले दिसतात. रॉकेल आणि ब्रशने, इंजिन थंड असताना, घासून काढावे. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा टाळावा, तो डिस्ट्रिब्युटरमध्ये शिरतो. पुसण्यासाठी या गावात टॉवेलच्या कारखान्यांचे तुकडे हवे तितके मिळतात आणि हात पुसायला ते उत्तम आहेत, पण उघड्या इंजिनाजवळ ते आणू नयेत, कारण त्यांचे दोरे सुटतात आणि ऑइलमध्ये जातात. जुने सुती धोतर फाडून घ्यावे. इंजिन कोरडे झाल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी. रांगोळी वापरू नये, ती दगडाची भुकटी आहे.

पाने इंचीच लागतात. मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना लावून नटाचे कोपरे गोल करण्यापेक्षा काम पुढे ढकलावे.

मग वरून खाली या क्रमाने पाहावे. रॉकर कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कॉर्क गॅस्केटची गळती ब्लॉकवरून ओघळून खालच्या दोषाचा आव आणते. तिथले दोन नट करकचून आवळल्यास कव्हर वाकते आणि गळती वाढते. बाजूची टॅपेट कव्हरे, पुढचे टायमिंग कव्हर आणि ऑइल फिल्टर ही पुढची ठिकाणे. जुन्या पद्धतीच्या डब्याच्या फिल्टरमध्ये आधीचे रबरी कडे खाचेत चिकटून राहते आणि त्यावरच नवे बसवले जाते. सुई घालून जुने काढले आहे याची खात्री करावी. ऑइल कूलरच्या नळ्या आणि प्रेशर मीटरकडे जाणारी लवचिक नळी वाकवून पाहाव्यात. पारा बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात रबर लवकर कडक होते, आणि यांपैकी एक नळी चालत्या गाडीत फुटली तर इंजिन थोड्याच वेळात ऑइलविना उरते. इथे भेग दिसली की गाडी रस्त्यावर काढू नये.

सर्वांत शेवटी मागची बाजू. बेलहाउसिंगच्या तळाच्या भोकात एक स्प्लिट पिन लोंबत असते, तिथून ठिबकणारा थेंब बोटावर घ्यावा. इंजिनाचे ऑइल असेल तर मागच्या सीलवर संशय घेता येतो, पण तोही ब्रीदरचा कागद आत ओढला गेला असेल तरच. तो उडत असताना सीलला दोष देऊ नये, हे तिसऱ्यांदा सांगतो आहे. क्लच आणि ब्रेकचे तेल पातळ असते आणि रंग खाते, ते लगेच धुवावे. मागच्या ॲक्सलच्या ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. आणखी एक: १९६४ च्या अखेरीपर्यंतच्या तीन मेन बेअरिंगच्या (क्रँकला तीन ठिकाणी आधार असलेल्या) इंजिनांना मागे रबरी सीलच नसते, क्रँकवरची सर्पिल खाच ऑइल परत ढकलते. तिथे थोडी गळती मूळ रचनेतच आहे. त्यासाठी नवे सील मागवणाऱ्याने आधी इंजिन क्रमांक पाहावा.

दुरुस्तीनंतर पातळी पुन्हा मोजावी आणि गाडी मोहोळपर्यंत नेऊन आणावी. गरम इंजिनात, चालत्या गाडीत, ऑइलचे प्रेशर दर चौरस इंचाला ५० ते ८० पाउंडांच्या दरम्यान असावे. आयडलला ते बरेच खाली येते, तेव्हा गोंधळू नये. परतल्यावर गाडी त्याच खडूच्या खुणेवर उभी करावी, खाली जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू अंथरावी आणि सकाळी थेंब कुठे पडले ते पाहावे. गॅस्केट, वॉशर, नवी टोपी यांची मागणी एकदमच नोंदवावी. टोपी विसरू नये, आणि कागदाची चाचणी नव्या टोपीवर पुन्हा करावी.