अंबाडी लावताना: भाजीची वेगळी, बोंडाची वेगळी, वाखाची वेगळी

भाजी, बोंडं आणि दोराचा वाख (सालीचा धागा), तिन्ही एकाच झाडाकडून मागाल तर एकही धड मिळत नाही. वाटणी पेरतानाच करा.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे अंबाडी मृगातच कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टाकतात. उशीर केला तर बुटकी राहते, कारण दिवस लहान झाले की उंची असो नसो, ती फुलावर येतेच.

भाजीच्या झाडांचे शेंडे महिन्याभरानं खुडा, फांद्या फुटून पाला वाढतो. पाला उकळून पाणी पिळून टाका, नाहीतर दात आंबतात. ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ, शेंगदाणे आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी. तेलाला हात आखडू नका.

बोंडांसाठी लाल अंबाडी, विरळ. पिवळं फूल गळालं की खालचं बोंड फुगतं. बोटानं कट्‌कन मोडतं तोवरच तोडा. आतल्या हिरव्या गाठीची लव खाजते, ती काढावीच लागते. आमच्या घरी छत्रीच्या दांडीचा पोकळ तुकडा ठेवलाय. देठाकडून दाबला की गाठ वरून टुप्‌कन बाहेर. शरबताला गूळ, जिरं, शेंदेलोण. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळू नका, आंबट त्याला खातं.

वाखाची अंबाडी दाट पेरा आणि तिचा शेंडा कोणालाही खुडू देऊ नका, पाहुण्यांनाही नाही. फांदी फुटली की लांब धागा गेला. फुलावर येताच बुडापासून कापा. बी धरलं की वाख राठ होतो. पेंढ्या दोन-तीन दिवस उभ्या ठेवून पाला झडू द्या. बूड जाड, उशिरा सडतं, म्हणून आधी तीन-चार दिवस नुसती बुडं पाण्यात. मग पेंढ्या आडव्या करून वर दगड. ढोरं पितात त्या डोहात मात्र नको. पाणी नासतं, मासे मरतात. दहाव्या दिवसापासून रोज एक काडी ओढून पाहा. साल बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ निघाली की त्याच दिवशी सगळं बाहेर काढा, जास्त सडलेला वाख वळताना तुटतो. वास येतो, त्याला इलाज नाही. वाहत्या पाण्यात आपटून धुवा, वाळवा. सोललेल्या काड्या चुलीला.

पोळ्याच्या बाजारात नायलॉनचे रंगीत दोर स्वस्त मिळतात, पण बैलानं हिसका दिला की मानेला काचतात. माझ्या गोठ्यात दावं वाखाचंच.

बियाण्याला धुऱ्याच्या टोकाची चार-पाच झाडं सोडा. बोंडं वाळली की फुटायच्या आत कापा, नाहीतर बी वावरातच सांडतं.